दाणा धरला

पस्तीस वर्षं मी साखर कारखान्यात काढली, त्यातली बरीचशी पॅनवर. त्यामुळे संपादकांचा निरोप आला, 'रंगनाथराव, साखर कशी तयार होते त्यावर लिहा.' आता साखर कशी तयार होते ते प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी पाटीवर रंगवलेलं असतं. सहा चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. ज्याला हौस असेल त्यानं जाऊन वाचावं. मी लिहिणार आहे ते त्या दहा महिन्यांबद्दल, जेव्हा साखर होऊ न देणं हे माझं काम होतं. ते काम मला एका बाईनं शिकवलं. शिकवायचं तिला काहीएक कारण नव्हतं, उलट न शिकवण्यातच तिचा फायदा होता. हे कुठंतरी छापून यावं असं मला फार दिवस वाटतंय.

पण त्यासाठी आधी पॅन म्हणजे काय ते दोन ओळींत सांगायला हवं. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. त्यात उसाचा घट्ट रस उकळत असतो. तो पुरेसा दाट झाला की नेमक्या वेळी त्यात बारीक दळलेल्या साखरेचं बी सोडायचं. लवकर सोडलं तर बी विरघळून जातं, उशिरा सोडलं तर सगळा गोंधळ. पॅनमन एका लांब पितळी दांडीनं आतला नमुना बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडाला धरतो. त्यात सारख्या आकाराचे कण चमकायला लागले की तो ओरडतो, "दाणा धरला!" हे दोन शब्द ऐकले की खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे सैल होतात. मग चहा येतो. आमच्या धंद्यात यापेक्षा गोड शब्द नाहीत.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि प्रवरेकाठच्या एका कारखान्यात असिस्टंट पॅनमन होतो. पितळी दांडी हातात आली म्हणजे मला आभाळ ठेंगणं वाटायचं. आणि मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींना तळ दिसायला लागला, उभा ऊस वाळून गेला, उरला तो जनावरांपुढं पडला. हंगाम सुरू झाला म्हणेपर्यंत धुराडं थंड झालं. आम्ही हंगामी माणसं घरी बसलो. माझा थोरला भाऊ आणि वहिनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. गावातलं निम्मं माणूस तिथंच होतं. मी मात्र गेलो नाही. पॅनवरचा माणूस हातोडी घेऊन बसणार? आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात असलीच गुर्मी होती.

नगरला माझे मामा होते. त्यांच्या ओळखीचे एक बन्सीशेठ, त्यांचा दाळमंडईच्या मागच्या अंगाला गोळ्यांचा कारखाना होता. गोळ्या म्हणजे चघळायच्या, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, किराणा दुकानात काचेच्या बरणीत असतात त्या. मामा म्हणाले, "अरे, साखरेचंच काम आहे, तुला काय अवघड?" मी पण मनाशी म्हणालो, अवघड ते काय! पोरांच्या गोळ्या तर करायच्या.

कारखाना बघितला आणि मला हसूच आलं. पत्र्याची एक शेड. एका कोपऱ्यात कोळशाची भट्टी, तिच्यावर तांब्याची कढई. मधोमध गुळगुळीत दगडाची मोठी लादी. बाजूला हातानं फिरवायचं रुळांचं यंत्र, त्यातून गोळीला आकार यायचा. आणि भिंतीशी ओळीनं बसलेल्या दहा बायका, गोळ्यांना कागद पिळणाऱ्या. सगळा कारखाना आमच्या पॅनच्या पायऱ्यांखाली मावला असता.

"काय होता तुम्ही तिकडे?" शेठनी विचारलं.

"पॅनमन," मी म्हणालो. असिस्टंट हा शब्द मी गिळून टाकला.

शेठ खूश झाले. त्यांची अडचण खरी होती. साखर कोट्यावर मिळायची, तीही मोजकी, एक घाणा वाया गेला तरी आठवड्याचा हिशेब कोलमडायचा. भट्टी होती शेवंताबाईंकडे. बाईंची पन्नाशी उलटलेली, लुगडं गुडघ्याशी आवळलेलं, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. बावीस वर्षं ती भट्टी त्याच सांभाळत होत्या. पण शेठच्या डोळ्यांसमोर आता मोठ्या कारखान्याचा पॅनमन उभा होता.

ते सगळ्यांदेखत म्हणाले, "शनिवारपर्यंत भट्टी याच्याकडे. काम जमलं तर कायमची याची. बाई पॅकिंगला बसतील. नाही जमलं तर यानं आपल्या गावी जायचं."

बाईंनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साखर करनारा हाय व्हय तू?"

"होय."

"मग हितं काय करनार?" एवढं म्हणून त्या बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या. मला वाटलं, अडाणी बाई, चिडलीय बिचारी. अर्धंच खरं होतं ते.

पहिला घाणा मी मंगळवारी चढवला. साखर, पाणी, खाली जाळ. पाक उकळून दाट झाला, सोनेरी झाला, कढईचा तळ दिसावा इतका स्वच्छ. मी बघतोय, बघतोय, पण त्यात कण काही चमकेना. आमच्याकडे एवढा दाट पाक होऊन दाणा दिसला नाही तर चीफ केमिस्ट धावत येतील. माझा हात शिवशिवायला लागला. यांना बिचाऱ्यांना बी सोडायचं ठाऊकच नसणार, असं मला वाटलं. मी मुद्दाम घरून एक पुडी आणली होती. मामींच्या पाट्यावर रगडलेली, पिठासारखी साखर. कढई उतरवली आणि शेठचं लक्ष नाही असं बघून त्यातली चिमूटभर पाकात सोडली. वर दोनदा झकास ढवळलं. मग पाक लादीवर ओतला.

लादीवर काचेसारखा पसरलेला तो पाक माझ्या डोळ्यांसमोर एका जागी धुरकटला. मग ते धुकं पसरत गेलं. पाक गढूळ झाला, पांढरट झाला, आणि उलथण्यानं घडी घालायला गेलो तर भेगाळून तुकडे पडायला लागले. नवल म्हणजे निवत आलेला गोळा पुन्हा गरम व्हायला लागला होता.

भिंतीकडून बाई जोरात ओरडल्या, "आगं बाई, दाणा धरला!"

आणि मी, सवयीचा गुलाम, तोंडभर हसून वळलो. "धरला? वा!"

 मग एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग दहाच्या दहा. शेठ हसत नव्हते. त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांनी चुरला, त्याची भुकटी झाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की जे दोन शब्द ऐकून आमच्याकडे चहा येतो, तेच इथं चोर घरात शिरल्यासारखे ओरडतात. तो घाणा पुन्हा पाण्यात विरघळवावा लागला आणि त्याच्या काळपट, स्वस्तातल्या गोळ्या झाल्या.

गुरुवारी मी दुसरा घाणा चढवला. या वेळी बी नाही, काही नाही. तळाला लागू नये म्हणून नेटानं ढवळत राहिलो. कढईच्या काठावर पाकाचे शिंतोडे उडून पांढरी खपली धरत होती, ती साखर फुकट कशाला घालवायची म्हणून उलथण्यानं खरवडून पुन्हा पाकात लोटत होतो. लादीवर ओतला आणि पुन्हा तेच. धुकं, भेगा, भुकटी. या वेळी कोणी हसलं नाही. शेठ एवढंच म्हणाले, "शनिवार परवा आहे."

त्याच दिवशी दुपारी ढवळे सर आले. हे एक विचित्र गिऱ्हाईक होतं. नगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. सायकलवरून यायचे, गोळी घ्यायचे पण कागद नको म्हणायचे. उजेडाला धरून बघायचे, मग दातांनी तोडून मोडलेली कड भिंगातून बघायचे. बाया त्यांना माघारी 'भिंगवाले' म्हणायच्या. मी बिघडलेल्या ढिगाशी डोकं धरून बसलो होतो, आणि त्या ढिगाला बघून हा माणूस एवढा खूश झाला की मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

"अहो, काय सुंदर बिघडलंय! मला यातला एक तुकडा द्याल? आणि चांगला असेल तोही. वर्गात दाखवायचाय."

"चांगला नाहीये," मी खेकसलो. "सर, मी पॅनमन आहे. दाणा कसा धरायचा ते मला झोपेत येतं. पण इथं नको म्हणतात तरी धरतोय."

सर तिथंच उपड्या डब्यावर बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो.

"हे बघा, पाक गरम असतो तेव्हा त्यातले साखरेचे कण, डोळ्यांना न दिसणारे, सारखे धावत असतात. एकमेकांना घासत, वाट काढत. आता पाक निवायला लागला की ते मंदावतात. मंदावले की त्यांना ओळीत उभं राहायचं असतं. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशी, पुढचा, मागचा, बाजूचा, सगळं अंतर मोजून. अशी ओळ म्हणजे तुमचा दाणा. पण ओळ लागायला वेळ लागतो, आणि कोणीतरी पहिला उभा राहावा लागतो. तुम्ही कारखान्यात बी सोडता ना? ते बी म्हणजे तो पहिला."

"आणि गोळीत?"

"गोळीत त्यांना वेळच द्यायचा नाही. एसटीत गर्दी कशी असते? तुम्हाला दाराकडे सरकायचंय, पण शेजारचा सरकल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही, आणि त्याचा शेजारी सरकल्याशिवाय त्याला. पाक निवेल तसा दाटत जातो, तशी ही गर्दी होते. आधी चार पावलं जाता येत होतं, मग एक, मग अर्धं. शेवटी जो जिथं असेल तिथंच अडकतो. जागच्या जागी थरथरतो फक्त, सरकू शकत नाही. ओळ नाही, रांग नाही, तरी दगडासारखं घट्ट. म्हणजेच काच."

"काच? ही साखर आहे हो, सर."

"तुमच्या खिडकीला बसवतात ती वाळूची काच. ही साखरेची काच. काच हे वस्तूचं नाव नाही, ती वागायची तऱ्हा आहे. घाई झाली म्हणून ज्यांना आपली जागा सापडली नाही, ते सगळे मिळून काच." मग त्यांनी ढिगातला तुकडा उचलला. "आणि तुमचा हा गोळा लादीवर पुन्हा तापला होता का? कण ओळीत बसले की अंगातली जास्तीची ऊब बाहेर टाकतात. म्हणून."

मला सगळं कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. मी विचारलं, "मग उपाय काय?"

सर हसले. "मला काय माहीत? मी आयुष्यात कधी पाक केलेला नाही. ते त्यांना विचारा." आणि त्यांनी भिंतीशी बसलेल्या शेवंताबाईंकडे बोट केलं.

विचारलं का मी? नाव नको. शुक्रवारभर तोंडाला कुलूप लावून बसलो. कुठल्या तोंडानं विचारणार होतो? जिची जागा घ्यायला आलो, तिलाच विचारायचं की बाई, तुमची जागा कशी घेऊ ते सांगा? उद्या घाणा बिघडला की गावी जायचं, भावाशेजारी बसून खडी फोडायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी लवकर गेलो. भट्टी पेटवली. मागून आवाज आला, "प्यानमन, बाजूला सर जरा."

शेवंताबाई होत्या. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं, नाक मुरडलं. "कढई कोनी धुतली?"

"मी."

"ही धुनं म्हनायचं? काठाला परवाची साखर हाय. ती तुझी वैरीन." त्यांनी खांद्यावरचं फडकं पाण्यात बुचकळून माझ्या हातात दिलं. "पाक उकळाया लागला की काठ या फडक्यानं पुसत ऱ्हायचं. पांढरं दिसलं की पूस. खरवडून आत लोटायचं न्हाई. येक कन आत पडला की समदा घाना नासला."

"आणि ढवळायचं?"

"साखर इरघळंस्तवर ढवळ. येकदा उकळी फुटली की हात बांधून बस. त्वा परवा असा ढवळत हुतास की मला वाटलं ताक करतोय."

मग त्यांनी कनवटीची पुडी काढून चिमटीभर लिंबाचं सत्त्व पाकात टाकलं. त्यानं साखर थोडी फुटते, म्हणाल्या. ढवळे सरांनी पुढं मला समजावलं की आंबटानं साखरेच्या कणाचे दोन वेगळे तुकडे होतात, आणि असे वेगळ्या मापाचे कण मधे घुसले की बाकीच्यांची ओळ लागत नाही. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढं ठाऊक होतं की सत्त्व कमी पडलं तर दाणा धरतो आणि जास्त झालं तर गोळीला घाम सुटतो. किती टाकायचं ते त्यांच्या चिमटीला माहीत होतं.

"आता पान्यात थेंब सोड. दाताखाली धर. चिकाटला?"

"चिकटला."

"मंग अजून न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्यांदा थेंब गार पाण्यात पडला आणि टक् असा बारीक आवाज आला. बाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंस? ह्यो आवाज आला की उतरीव. आता दम धरायचा न्हाई. खडीसाखरेला सात दिस द्यावं लागत्यात. गोळीला सात मिंटं बी द्यायची न्हाईत. वत लादीवर, पातळ पसर, पळ!"

मी ओतला. लादीवर पाक पसरला, रंग घातला, कडा आत घेतल्या, मुरडला. मी धुकं यायची वाट बघत होतो. धुकं आलं नाही. त्या केशरी तुकड्याखालून लादीवरची बारीक चीर स्वच्छ दिसत होती.

मी विचारलं, "बाई, का सांगितलंत मला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी जगातला सगळ्यात खुळा प्रश्न विचारला होता. "पाक कुनाचा हुता? तुझा? माझ्या भट्टीवरचा हुता. दोनदा नासलेला बघितला. तिसऱ्यांदा बघवना." आणि त्या भिंतीशी जाऊन बसल्या. इतर बाया तोवर यायला लागल्या होत्या.

शेठ आले, त्यांनी एक गोळी उजेडाला धरली, तोंडात टाकली, आणि माझी पाठ थोपटली. "वा रे पॅनमन! भट्टी तुझी."

इथं मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. खडी फोडणारे भाऊ-वहिनी डोळ्यांपुढं आले, गावातलं हसं डोळ्यांपुढं आलं, आणि मी मान डोलावली. कारणं देतोय, पण कारणांनी ती गोष्ट बरी होत नाही. 

रविवारी आणि सोमवारी भट्टी माझी होती. बाईंनी सांगितलं तसं करत होतो, गोळी स्वच्छ येत होती. पण माझं ध्यान भिंतीकडे जायचं. गोळीला कागद पिळायला बोटांची टोकं लागतात, आणि बाईंच्या बोटांना टोकंच उरली नव्हती. बावीस वर्षं तापलेला पाक मुरडून कातडी जाड आणि मुकी झाली होती. कागद सुटायचा. शेजारची पोरसवदा बाई ओंजळभर गोळ्या बांधायची तेव्हा शेवंताबाईंच्या चार व्हायच्या. त्या मान खाली घालून कागदाशी झगडत होत्या. सोमवारी दुपारी त्यांच्या हातून गोळी निसटून माझ्या पायाशी घरंगळत आली. मी ती उचलून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला तिथं उभं राहवेना.

मंगळवारी सकाळी मी शेठच्या गादीपुढं गेलो. "शेठ, शनिवारचा घाणा माझा नव्हता."

"म्हणजे काय? भट्टीवर तूच तर होतास."

"हात माझे होते. सांगत बाई होत्या. आणि खरं म्हणजे मी पॅनमनही नाही. असिस्टंट आहे."

शेठनी पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "मग तुला कशाला ठेवू मी?"

"लादीवर ठेवा. पाक मुरडायला, यंत्र फिरवायला. भट्टी बाईंना द्या. नसेल जमत तर आज दुपारच्या एसटीनं जातो."

"मला विचारू नको," शेठ म्हणाले. "बाईला विचार. ती ठेवत असली तर राहा."

मी शेडमध्ये आलो. बाईंसमोर उभा राहिलो आणि शेठना काय सांगितलं ते सगळ्या बायांसमोर सांगितलं.  बाईंनी मांडीवरचे कागद झटकले, उठल्या, खांद्यावर फडकं टाकलं.

"दोन दिस लागलं व्हय रं तुला?"

"होय," मी म्हणालो.

"धू ती कढई," त्या म्हणाल्या. "काठ नीट घास."

त्या दिवशीच्या घाण्याच्या वेळी ढवळे सर आले. मी लादीवरून अंगठ्याएवढा केशरी तुकडा तोडून त्यांना दिला, म्हणालो, "घ्या, हा चांगला." त्यांनी तो एका छोट्या बाटलीत घालून बूच लावलं. माझा बिघडलेला तुकडा त्यांच्याकडे आधीच दुसऱ्या बाटलीत होता. मी नगर सोडेपर्यंत कॉलेजात त्या दोन बाटल्या शेजारी शेजारी राहिल्या. पोरांना सर सांगायचे, साखर तीच, फरक फक्त कणांना वेळ मिळाला की नाही याचा.

पुढचे महिने मी बाईंच्या हाताखाली काढले. त्यांनी माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही, प्यानमनच म्हणायच्या, आणि चूक झाली की अशा शिव्या द्यायच्या की भिंतीशी बसलेल्या बाया कानावर पदर घ्यायच्या. पण डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायच्या. त्या वर्षी भाकरीचं मोल काय होतं ते ज्यांनी तो दुष्काळ बघितला त्यांना सांगायला नको. मी त्यांना एकदा सरांचं सगळं शास्त्र सांगितलं, धावणारे कण, गर्दी, अडकणं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी बिचारी समदी उभीच? बसाया जागा न्हाई?" मी म्हणालो, नाही. "मंग गोळी तोंडात टाकली की सुटत्यात म्हनायची," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या.

पुढं पाऊस झाला, ऊस उभा राहिला, कारखान्याचं बोलावणं आलं. निघताना बाईंच्या पाया पडलो. ढवळे सरांनी केशरी तुकड्याची बाटली मला दिली. चार वर्षांनी मी पॅनमन झालो, खराखुरा. पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर पॅनला बी सोडलं, काचेची पट्टी उजेडाला धरली, कण चमकले, आणि ओरडायच्या आधी मी नकळत मागं वळून बघितलं. कोणी ओरडेल की काय म्हणून. पोरं मला पुढं कायम विचारायची, साहेब, दाणा धरल्यावर तुम्ही मागं का बघता? मी काचेची पट्टी पुसायला घ्यायचो. पण पॅनवर मी जो काही झालो, तो त्या भट्टीमुळे झालो. दाणा काय असतो हे मला कळलं ते तो होऊ न देताना.

बाईंना मी त्यानंतर तीनदा भेटलो, फक्त तीनदा. नगर काही लांब नव्हतं, एसटीनं दीड तास. पण हंगाम, पोरंबाळं, आज जाऊ, उद्या जाऊ. चौथ्यांदा गेलो तेव्हा शेडच्या जागी पक्कं दुकान होतं आणि बाई गेल्याला वर्ष झालं होतं. मला कोणी कळवलं नाही, कारण बाईंच्या घरच्यांच्या लेखी मी कोण होतो? कळवायला पत्ता तरी कोणाकडे होता? ती गोष्ट मनातून जात नाही.

बाटली मात्र राहिली. घर बदललं, कपाटं बदलली, ती देवघराच्या फळीवर राहिली. पन्नास वर्षं तो केशरी तुकडा उजेडाला धरला की पलीकडचं बोट दिसायचं. बूच जुनं झालं, दर पावसाळ्यात त्यातून थोडी ओल आत जात असणार. परवा दिवाळीची साफसफाई करताना बाटली पुसली आणि उजेडाला धरली, तर पलीकडचं बोट दिसेना. तुकड्याला वरून पांढरी साय आली होती. भिंग लावून पाहिलं. बारीक बारीक कण, एकसारखे, ओळीत बसलेले. ओलीनं गर्दी थोडी सैल झाली, आणि कण सरकत सरकत, एवढ्या वर्षांनी, आपापल्या जागेवर जाऊन बसले होते.

घरात कोणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, दाणा धरला."

आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. खरं सांगतो, फडकं खांद्यावर टाकलेला तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"पन्नास वर्सं लागली व्हय रं त्याला?"